नको असलेली ये-जा

३ नोव्हेंबर

हर्षदा म्हणाली, "घरी आल्यावर जे मला सांगतोस ते लिहून ठेव. मला त्यातलं निम्मं कळत नाही आणि तुला निम्मं आठवत नाही." शाळेत शिकवून ती वर्गभर पोरांचा आवाज कानात घेऊन येते, तिचं चुकत नाही. म्हणून बसलो आहे. किती दिवस टिकेल सांगता येत नाही.

आज पोशेऱ्याला गेलो. जव्हारहून जगनच्या जीपमध्ये, मांडीवर कुणाचं तरी नागलीचं पोतं. फाट्यावर उतरून वरच्या पाड्यापर्यंत चढ. पाठ बोलायला लागते. संस्थेने या पाड्यावर दोन खोल्यांचं आरोग्य केंद्र ठेवलं आहे. रामीताई सिस्टर, औषधांचं एक कपाट, छपरावर सोलर, आणि मंगळवारी नि शुक्रवारी नाशिकहून व्हिडिओवर पेशंट बघणाऱ्या डॉक्टर प्राजक्ता मॅडम. संस्थेच्या चार केंद्रांतले कॉम्प्युटर मी सांभाळतो. बाकीची तीन कशीबशी चालतात. हे चालत नाही.

कॉल लागतो, मग मॅडमचा चेहरा चौकोन चौकोन होतो, मग आवाज तुटतो, मग सगळं थांबतं. दुपार व्हायच्या आत त्या दिवसाचा डेटा संपलेला असतो. मुंबई ऑफिसच्या सरांनी सकाळी फोनवर शांतपणे सांगितलं, "डिसेंबरअखेर सुधारणा नसेल तर पोशेरा बंद करू. पेशंट मोखाड्याला जातील." गंगीआजी मोखाड्याला कशी जाणार ते त्यांनी सांगितलं नाही. तिच्या घोट्यावर जखम आहे, मुलगा तिला पाठीवर घेऊन केंद्रापर्यंत आणतो.

मशीन चांगली आहे. एकाच मोठ्या कॉम्प्युटरमध्ये चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरने बनवलेले चार वेगळे कॉम्प्युटर, बसवल्या आहेत: एक कॉलसाठी, एक पेशंटच्या नोंदींसाठी, एक रक्त तपासायच्या यंत्रासाठी, एक पाड्यावरच्या मुलींच्या कॉम्प्युटर वर्गासाठी. रामीताईने विचारलं म्हणून तिला हे सांगितलं.

"एका कॉम्प्युटरच्या पोटात चार?" ती म्हणाली. "माझ्या पोटात एकच हाय तरी चढणीला जीव जातो."

सातवा महिना आहे तिचा. पायरीवर बसून दम खात होती. मीही तिच्या बाजूला बसून दम खाल्ला.

६ नोव्हेंबर

काल आणि आज एकच काम. मशीनमधून आत-बाहेर काय जातं ते नोंदवणारं सॉफ्टवेअर लावलं आणि हात लावायचा नाही असं ठरवून बसलो. रामीताई पाड्यात घरं फिरायला गेली होती. कीबोर्डला कुणाचं बोट लागलं नाही. तरी दुपारपर्यंत डेटा संपत आला.

म्हणजे डेटा माणसं खात नाहीत. मशीन खातात, कुणी नसताना.

संध्याकाळी बसून यादी वाचली. चारही मशीन एकच अपडेट वेगवेगळं उतरवतात. चौघींचे चार अँटीव्हायरस, चौघींच्या हवामानाच्या आणि बातम्यांच्या चौकटी. वर्गाच्या मशीनवर मुलींनी शेतातले फोटो ठेवले आहेत, ते सगळे इंटरनेटवरच्या कुठल्या तरी दूरच्या कपाटात चढवायचं तिचं चालू आहे. रक्ताच्या यंत्राचं सॉफ्टवेअर जुनं, ते बनवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर केव्हाच बंद झाला, तरी ते दर थोड्या वेळाने त्याला शोधतं. आणि चौघी मिळून सारख्या विचारतात, इथे प्रिंटर आहे का. केंद्रात प्रिंटर नाही. हे विचारणं बाहेर जात नाही, पण जुन्या राउटरला दमवतं.

ऐरोलीला डेटा सेंटरमध्ये होतो तेव्हा हे असलं कुणी बघत नसे. तिथे नळ कायम सोडलेला. इथे हंडाभर पाणी आणि चार गळकी भांडी. आपण हे करू शकू का, खात्री नाही. चव्वेचाळीसाव्या वर्षी नव्याने शिकतो आहे आणि शिकवायला कुणी नाही.

११ नोव्हेंबर

कॉलचा दिवस. सकाळी वर्गाची मशीन बंद केली, बाकीच्यांची अपडेटं अडवली. कॉल पहिल्यापेक्षा बरा चालला, पण गंगीआजीची जखम दाखवायच्या वेळी चित्र विरघळलं. मॅडम म्हणाल्या, "मला फक्त तपकिरी डाग दिसतोय, रामी. कडा कशा आहेत ते तूच सांग." रामीताईने वर्णन केलं. मॅडमनी त्यावर औषध दिलं. त्यांच्या आवाजात वैताग नव्हता, त्याचंच मला वाईट वाटलं. माणसाला सवय झाली की वैताग जातो.

रामीताईच्या पायात आज पुरुषाच्या चपला होत्या, मोठ्या. तिचा नवरा लाडक्या भिवंडीला गोदामात कामाला आहे, दिवाळी करून परत गेला. मी म्हटलं, "पट्टा तुटला का तुमच्या चपलेचा?"

"नाय, ह्याच बेस वाटतात," ती म्हणाली.

पुढच्या खेपेला जव्हारहून एक जोड आणावा का, असं वाटलं. माप माहीत नाही.

१४ नोव्हेंबर

आज पोचायला उशीर झाला, जीप मध्येच बंद पडली. जगन बॉनेट उघडून बघत होता आणि मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसून विचार करत होतो की प्रत्येक मशीनला स्वतःची बाहेरची वाट दिली हीच मुळात चूक. बसवणाऱ्याने सोय म्हणून चौघींना थेट राउटरला जोडून दिलं. बसवणारा मीच.

त्यापेक्षा चौघींना आतल्या आत जोडायचं. बाहेर जायला एकच दार, ते मोठ्या कॉम्प्युटरच्या हातात. दाराशी नियम: सगळं बंद, आणि मी नाव घेईन तेवढंच जाईल. रक्ताच्या मशीनला बाहेर जायची गरजच नाही. नोंदींच्या मशीनने दिवसातून एकदा नोंदी पाठवाव्यात. अपडेटं मी जव्हारला उतरवून हार्ड डिस्कवर आणीन.

जगनला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे चेकनाका." हो. चेकनाका.

१८ नोव्हेंबर

नियम लावले. सकाळपासून बसलो होतो, जेवायला उठलो तेव्हा पाठ सरळ होईना.

रामीताईने स्क्रीनचा उजेड कमी करायला सांगितलं. "डोळ्यात टोचतो. दोन दिस डोका दुखतंय." मी कमी केला. बॅटरीही वाचेल. थंडी आली की जव्हारलाही अर्ध्या गावाचं डोकं दुखत असतं, माझंही दुखतं.

कॉल आज पूर्ण झाला. पूर्ण. चित्र अजून धूसर, पण एकदाही तुटला नाही. मॅडम म्हणाल्या, "आज काय केलंत?" मी सांगायला लागलो. त्या ऐकत होत्या, मग म्हणाल्या, "हेमंत, मला समजत नाहीये, पण छान आहे."

परतीच्या जीपमध्ये झोप लागली. डेपोपाशी जगनने उठवलं.

२० नोव्हेंबर

मुंबईच्या सरांचा फोन. "पोशेरा दोन दिवस बंद का आहे?"

बंद नाही म्हटलं. ते म्हणाले, केंद्रं चालू की बंद ते दाखवणाऱ्या त्यांच्या स्क्रीनवरच्या बोर्डावर पोशेरा लाल दिसतंय, कालही लाल, आजही लाल, आणि बंद केंद्रांच्या यादीत ते टाकायचा मेल तयार आहे.

शोधायला बराच वेळ गेला. नोंदींची मशीन दर काही मिनिटांनी मुंबईला एक बारीकसा निरोप पाठवते, मी चालू आहे एवढाच. मला तो फालतू वाटला होता. दाराशी अडवला. त्यामुळे मुंबईच्या हिशेबी केंद्र मेलं.

माझ्याच हाताने केंद्र बंद पडलं असतं. नियमात ते एक नाव घातलं, बोर्ड हिरवा झाला, सर म्हणाले, "जरा जपून करा." मी "हो सर" म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

नको असलेलं कुठलं आणि हवं असलेलं कुठलं, हे बाहेरून सारखंच दिसतं. दोन्ही बारीक, दोन्ही पुन्हा पुन्हा येणारं.

हर्षदाला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "तू थकलायस. एक आठवडा सुट्टी घे." डिसेंबर संपल्यावर घेईन म्हटलं. मग तिने विचारलं, "आणि तुझी ती सिस्टर कशी आहे? डोकं दुखतंय म्हणाला होतास. पाय सुजलेत का तिचे? प्रेशर बघतात का?"

"अगं, ती स्वतःच सगळ्यांचं प्रेशर बघते," मी म्हटलं. "तिचं कामच ते."

हर्षदा म्हणाली, "तरी विचार."

२१ नोव्हेंबर

विचारायचं राहिलं. कॉलच्या आधी राउटर बदलला, त्यात वेळ गेला.

दुपारी रामीताई म्हणाली, "दादा, स्क्रीनवर काजवे चमकतात." मी बघितलं तर मला काही दिसेना. ती म्हणाली, "आता नाय. मघाशी होते." अशा अधूनमधून येणाऱ्या बिघाडाइतकं कंटाळवाणं काही नसतं. केबल काढून पुन्हा लावली, स्क्रीनचं सेटिंग बदललं, तास गेला. शेवटी केबलच नवीन टाकली, जव्हारच्या दुकानातून आणलेली पिशवीत होती.

"आता?" मी विचारलं.

ती थोडा वेळ बघत राहिली. "आता बेस हाय," म्हणाली.

एक काम तरी आजच्या आज मिटलं.

तिच्या हातात आज बांगड्या नव्हत्या. साबण लावून काढल्या म्हणे, दोन फुटल्या. काम करताना आवाज होतो म्हणून काढल्या असतील. कॉलमध्ये बांगड्यांचा आवाज खरंच येतो.

२६ नोव्हेंबर

बुधवारी मोखाड्याला गरोदर बायांची तपासणी असते. रामीताईला तिकडे जायचं होतं. पण मी आज अपडेटांची डिस्क घेऊन येणार म्हणून दार उघडायला ती थांबली. "पुढच्या बुधवारी जाते," म्हणाली. मी म्हटलं, फोन केला असता तर मी उद्या आलो असतो. "तुमचा काम महत्त्वाचा," ती म्हणाली.

अपडेटं चढवली. चौघींना एकाच डिस्कवरून. बाहेर एक थेंब गेला नाही. आखा दिवस मशीन चालू होती आणि संध्याकाळी डेटा जवळजवळ तसाच शिल्लक. मी तो आकडा बघत बसलो होतो. एवढ्या महिन्यांनी बरं वाटलं. रामीताईला बोलावून दाखवला. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "म्हणजे केंद्र राहील?"

"राहील असं वाटतं."

तिने मान हलवली आणि आत जाऊन बाकावर आडवी झाली. कामसू बाई, दिवसा आडवी झालेली मी कधी पाहिली नव्हती. वाटलं, चला, हिचाही जीव भांड्यात पडला.

२ डिसेंबर, मंगळवार

लिहायला हात उठत नाही, पण आज लिहिलं नाही तर उद्या मी ते वेगळं करून आठवीन.

कॉल सकाळी लागला. चित्र इतकं स्वच्छ आलं की मॅडमच्या मागच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता येत होती. मी मागे खुर्चीवर बसून मोठ्या कॉम्प्युटरवर लक्ष ठेवून होतो. दाराशी कुणी धडकत नव्हतं. गंगीआजी बाकावर पाय लांब करून बसली होती. रामीताईने कॅमेरा हातात घेऊन जखमेजवळ नेला.

मॅडम म्हणाल्या, "अरे वा, कडा भरून येतायत. आजी, छान आहे हं." मग कॅमेरा जागेवर ठेवायला रामीताई समोर आली. मॅडम बोलायच्या थांबल्या.

"रामी, जरा इकडे तोंड कर."

"काय मॅडम?"

"उजेडाकडे. असं. तुझे डोळे एवढे सुजलेत कधीपासून?"

रामीताई म्हणाली, झोप नाही नीट.

"हात वर कर. बोटं दाखव." मग मॅडमचा आवाज बदलला. "खाली बस. हेमंत, तुम्ही आहात ना तिथे? प्रेशरचं मशीन तिच्या दंडाला लावा. तिला लावू देऊ नका, तुम्ही लावा."

मी कधी लावलं नव्हतं. रामीताईनेच डाव्या हाताने पट्टा सरळ करून दिला. बटण दाबलं. पट्टा फुगला, उतरला. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या घरात, खालचा एकशे दहाच्या वर. मी वाचून दाखवला. मला त्याचा अर्थ कळत नव्हता, पण रामीताईने डोळे मिटले. तिला कळत होता.

"डोकं दुखतंय?" मॅडमनी विचारलं. रामीताई दंडावरचा पट्टा सोडायला लागली. "डोळ्यांपुढे काही चमकतं? ठिपके, उजेड असं काही?"

ती पट्ट्याची घडी करत राहिली. मी म्हटलं, "मॅडम, काजवे. ती म्हणाली होती स्क्रीनवर काजवे चमकतात. दहा-बारा दिवस झाले. मी केबल बदलली."

मॅडम हलल्या नाहीत. पापणीही नाही. मला वाटलं कॉल अडकला. कॉल अडकला नव्हता.

मग त्या भराभर बोलायला लागल्या. कपाटातली कुठली गोळी ते सांगितलं, तिला डाव्या कुशीवर झोपवायला सांगितलं, झटका आला तर काय करायचं ते सांगितलं. अँब्युलन्सला फोन केला तर गाडी दुसऱ्या खेपेला गेलेली, यायला वेळ लागणार. मी जगनला फोन लावला. तो फाट्यावर माणसं भरत होता. "सगळ्यांना उतरवतो," एवढंच म्हणाला.

तो येईपर्यंतचा वेळ. गंगीआजी स्वतःचा उघडा पाय घेऊन सरकत सरकत बाकाच्या टोकाला आली आणि रामीताईचा हात धरून बसली. "पोरी, श्वास घे," म्हणत होती, "माझ्यासंगती घे." मॅडम पडद्यावरून रामीताईच्या चेहऱ्यावरची नजर काढत नव्हत्या. मी बाकीच्या तिन्ही मशीन बंद करून टाकल्या. नोंदींचीसुद्धा. मुंबईच्या बोर्डावर लाल दिसलं तर दिसो.

जगन चढावर गाडी आणू शकला नाही. गंगीआजीच्या मुलाने आणि त्याने रामीताईला खुर्चीत बसवून खाली नेलं. मी पिशवी घेऊन मागे. जव्हारच्या रुग्णालयाला मॅडमनी आधीच फोन केला होता, दारातच इंजेक्शन तयार. तिथून अँब्युलन्सने नाशिकला पाठवलं. गाडीत बसायला तिचं माणूस कुणी नव्हतं म्हणून हर्षदा शाळेतून तशीच आली आणि बसली.

जाताना हर्षदाने माझ्याकडे नुसतं बघितलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

३ डिसेंबर

ऑपरेशन झालं. मुलगी. दीड किलोच्या आसपास, काचेच्या पेटीत. रामीताईचं प्रेशर अजून खाली येत नाही. लाडक्या पहाटे भिवंडीहून पोचला, मोटरसायकलवर कुणाच्या तरी मागे बसून.

मी दिवसभर घरी. मुंबईच्या सरांचा फोन येऊन गेला, लाल का दिसतंय म्हणून. सांगितलं. ते म्हणाले, "काल कॉल किती वेळ चालला?" मी म्हटलं, लागेल तितका.

ही वही मागून पुढे वाचली. चपला, उजेड, काजवे, बांगड्या. सगळं मीच लिहिलंय. एकेका नोंदीला माझ्याकडे कारण तयार होतं.

९ डिसेंबर

नाशिकला जाऊन आलो. रामीताईला वॉर्डात आणलंय. चेहरा उतरला आहे, म्हणजे सूज उतरली आहे. किती बारीक चेहरा आहे तिचा ते मला माहीत नव्हतं. या ऑगस्टपासून मी तिला दर आठवड्याला बघतो आहे.

लाडक्या बाहेर पेटीजवळ बसलेला. आत एकाच माणसाला सोडतात, त्याने मला पाठवलं. मी काय बोलावं ते ठरवून गेलो होतो, ते तिथे जाऊन आठवलं नाही. म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना, ताई?"

"ठाव होता," ती म्हणाली. "एकदा घेतला होता मी माझाच प्रेशर. मग परत नाय घेतला."

"का?"

"आकडा कळला तर जावा लागला असता. मी गेले असते तर दार कोण उघडणार होता? कॉल नाय झाला तर तुमच्या मुंबईवाल्यांनी बंदच केला असता."

मी म्हटलं, मला तरी सांगायचं.

तिने अंगावरची चादर सारखी केली. चिडलेली नव्हती. "तुमी मशीन बघायला येत होतात, दादा," ती म्हणाली. "मला बघायला नाय."

मग तिने गंगीआजीची पट्टी कोण बदलतं ते विचारलं. मी म्हटलं, मोखाड्याहून एकजण एक दिवसाआड येते. खरं तर दोन दिवसांआड येते.

बाहेर आल्यावर लाडक्याने मला काचेतून मुलगी दाखवली. एवढीशी छाती वर-खाली होत होती. तो म्हणाला, "डॉक्टरीण बोलली, अजून दोन दिस उशीर झाला असता तर दोघीपण गेल्या असत्या. तुमी कायतरी केला कॉम्प्युटरला, म्हणून दिसला, असा बोलली." आणि माझे दोन्ही हात धरले. मी ते सोडवूनही घेऊ शकलो नाही आणि धरूनही ठेवू शकलो नाही.

२२ डिसेंबर

मुंबईने पोशेरा चालू ठेवायचं ठरवलं. सरांना आता तीच पद्धत बाकीच्या केंद्रांतही हवी आहे. लिहून पाठवा म्हणाले.

लिहिलं. प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला थेट बाहेर सोडू नका. एकच दार ठेवा. आधी सगळं बंद, मग गरजेचं एकेक उघडा. अपडेटं एकदाच उतरवा. अडवण्याआधी तो निरोप कुणाचा आणि कशासाठी ते बघा. शेवटी एक ओळ घातली: दर बुधवारी सिस्टरच्या स्वतःच्या तपासणीसाठी केंद्र बंद राहील, त्या दिवशी तंत्रज्ञाने येऊ नये.

सरांचा मेल आला, शेवटचा मुद्दा तांत्रिक नाही, काढावा का? मी उत्तर दिलं, नको. पुन्हा मेल आला, त्यात चर्चा करू असं होतं. मी परत लिहिलं, नको. मग मेल आला नाही. ओळ राहिली आहे. राहील का, ठाऊक नाही.

कागदावर सगळं सहा ओळींत मावलं. दोन महिने गेले त्याला. आता बाकीची तीन केंद्रं करायची, म्हणजे मार्च. सुट्टीचं हर्षदाने पुन्हा विचारलं नाही.

५ जानेवारी

रामीताई मुलीला घेऊन आईकडे आली. जगनने सांगितलं, त्याच्याच जीपमधून गेली. पुढे बसवली म्हणाला, मागे कुणाला बिडी ओढू दिली नाही. मुलगी आखा रस्ता झोपली होती.

१३ जानेवारी, मंगळवार

रामीताई येईपर्यंत मोखाड्याची सपना सिस्टर पोशेऱ्याला आली आहे. तरुण आहे, पहिलीच नोकरी. तिला मशीन समजावून द्यायला गेलो. कॉल कसा लावायचा, बोर्ड लाल झाला तर कुणाला फोन करायचा, सगळं डोक्यात मांडून गेलो होतो.

मी पोचलो तेव्हा ती कपाट पुसत होती. मशीनच्या खुर्चीवर बसलो, बटणापर्यंत हात गेला, तो तसाच मागे घेतला. खुर्ची वळवली आणि म्हटलं, "सिस्टर, बरं आहे ना तुमचं?"

ती गोंधळली. "हो सर. का?"

"जेवण, झोप, तब्येत. असंच विचारतोय."

"बरं आहे." मग कपडा घडी करत म्हणाली, "फक्त दाढ दुखते. शुक्रवारपासून. रात्री जास्त."

"कुणाला दाखवली?"

"इथे दाखवणार कुणाला, सर? पेशंट तर मीच बघायचे."

मी मशीन सुरू केली. मॅडम लागल्या, कॅलेंडर बदललं होतं मागचं. मी म्हटलं, आज गंगीआजीच्या आधी एक पेशंट आहे. सपना नको नको म्हणत होती. मॅडमनी तिला कॅमेऱ्यासमोर तोंड उघडायला लावलं, टॉर्च मी धरला. हिरडी लाल दिसत होती, मागची दाढ काळी. सगळं स्वच्छ दिसत होतं, मलासुद्धा. मॅडम गोळ्या सांगायला लागल्या आणि सपना तोंड उघडंच ठेवून मान हलवत राहिली, कारण तोंड मिटायला तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं.